टपावरची डोली

सिद्धगडाखालच्या पाड्यावर मोबाइलला रेंज नाही, म्हणून तिथल्या पेशंट नेणाऱ्या जीपला वायरलेस आला. दुकानदार आखूड, देखणा अँटेना दाखवत होता. वायरलेस बसवणाऱ्या अनिलनं लांबच घेतला आणि टपावर मधोमध बसवला. अँटेनाला जोडलेल्या मीटरचा काटा जितका खाली, तितका आवाज लांब जाणार. तो अँटेनाची तार नखाएवढी कापायचा, काटा बघायचा. काटा तळाला टेकला.

"बघा ताई, आता टोकावड्याच्या दवाखान्यात खणखणीत ऐकू जाईल!"

पाड्यावरची आशा सेविका जयश्रीनं अंगणातली, पेशंटला खांद्यावरून जीपपर्यंत आणायची लोखंडी डोली दाखवली. "ही टपावर बांध, मग बघ."

डोली बांधली. काटा सरकन वर गेला.

अनिल चिडला. "पण डोली काय रोज टपावर असते?"

"नाय रे. जीपमधी पेशंट झोपलेला असतो, तेवाच असते."