कार्डावरचे पाच प्रश्न

"हे कुठलं मैदान आहे?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

गोलपोस्टशेजारी गवतावर बसलेल्या पोरीने डोळे मिचकावले. चेंडू अडवताना तिचं डोकं लोखंडी खांबावर आपटलं होतं. तो आवाज सगळ्या मैदानाने ऐकला. संघातल्या मुली तिला भिंत म्हणायच्या. भिंत पडली तेव्हा त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या.

"कारखान्यामागचं," ती म्हणाली.

उत्तर बरोबर होतं. डॉक्टरबाईंच्या पाठीमागे उभ्या असलेल्या तिच्या बापाने श्वास सोडला. तोच संघाचा प्रशिक्षक होता.

डोक्याला मार बसला की डॉक्टर कार्डावरचे पाच प्रश्न विचारणार, एक जरी चुकला तरी खेळाडू बाहेर, हा स्पर्धेचा नियम होता. मागच्या हंगामात एक धडधाकट मुलगी नुसती घाबरून अडखळली आणि बाहेर बसली. तेव्हापासून तो येताना गाडीतच सगळ्यांकडून मैदान, मागचा सामना अशी आधी ठाऊक असलेली उत्तरं घोकून घ्यायचा. मुली पाढ्यांसारखी चालीवर म्हणायच्या. मागचा सामना जिंकलात का, असं त्याने विचारलं की मागच्या बाकावरून हमखास कोणीतरी ओरडायचं, हो, रडूबाईंना रडवलं. तोही हसायचा. यात काही वाईट आहे असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

सामन्याचा कुठला हाफ चालू आहे, तेही तिने सांगितलं.

"शेवटचा गोल कोणी केला?"

डॉक्टरबाईंच्या खांद्यावरून तिने बापाकडे पाहिलं.

नऊ मिनिटं उरली होती. राखीव गोलकीपरचं बोट प्लास्टरमध्ये होतं. हरलात तर पुढच्या वर्षी मुलींचा संघ नाही, असं क्लबच्या सेक्रेटरीने सकाळीच सुनावलं होतं. संघ गेला तर ही पुन्हा खोलीचं दार लावून घेईल. एवढ्या एका खेळासाठी ती हल्ली घराबाहेर पडायची.

त्याने छातीशी सात बोटं धरली.

"सात नंबरने," ती म्हणाली.

स्कोअरच्या प्रश्नाला त्याने एका हाताची दोन आणि दुसऱ्याचं एक बोट दाखवलं; तिने दोन-एक सांगितलं. मागचा सामना जिंकलात का, या प्रश्नाला त्याने होकारार्थी मान हलवली. तिनेही हलवली.

डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी तिच्या डोळ्यांत टॉर्च मारला, उभं राहायला लावलं, चार पावलं चालवलं. मग कार्डावर सही केली. रेफ्री घड्याळ बघत उभा होता. सात नंबरची मुलगी दुरूनच ओरडली, की ए भिंते, चल, तुझं प्लास्टर नंतर लावू.

ती हातमोजे चढवू लागली. पांढऱ्या मोज्यांचा पट्टा काळ्या दोऱ्याने शिवला होता. टाके वेडेवाकडे होते. बापाने ते या हंगामात स्वतः घातले होते. एक मोजा चढला आणि ती थांबली. तिने मान वळवून प्रेक्षकांच्या पायऱ्यांकडे पाहिलं, अगदी वरच्या कोपऱ्यात.

"बाबा, आईला सांगा ना, डोळे उघड म्हणावं. मला काही झालेलं नाही."

डॉक्टरबाई हसल्या. माझी आईही तशीच आहे, म्हणाल्या, इंजेक्शन मी देते आणि डोळे ती मिटते.

बापाने कोपऱ्याकडे पाहिलं. तिथे दोन पोती आणि कोणाची तरी छत्री होती.

रेफ्रीने हात वर केला. नऊच मिनिटं होती. नऊ मिनिटांत तिच्याकडे एखादाच चेंडू आला असता. कदाचित तोही नाही.

"सांगतो हं," तो पोरीला म्हणाला. मग खाली वाकून त्याने तिच्या हातातला मोजा हळूच काढून घेतला, दुसराही घेतला आणि तिला खाली बसवलं.

"अहो, हे काय करताय?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "पाचही उत्तरं बरोबर आलीत."

त्याने त्यांना चार पावलं बाजूला नेलं. मोजे त्याने छातीशी घट्ट धरले होते.

"त्यातली तीन मी दिली," तो म्हणाला. "ॲम्ब्युलन्स बोलवा, डॉक्टर. हिची आई जाऊन नऊ महिने झालेत."