मागचा कॅमेरा

बेसा वस्तीतल्या दुर्गेशच्या घरासमोर नव्या एसयूव्हीच्या पूजेला शेजारपाजार जमला होता. बॉनेटवर स्वस्तिक काढायला शालूवहिनीनं कुंकवात बोट बुडवलं, तेवढ्यात दुर्गेश सगळ्यांदेखत म्हणाला, "वहिनी, तुम्ही राहू द्या." त्याचा मोठा भाऊ जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. पदराला बोट पुसत वहिनी गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली.

दुसऱ्या दिवसापासून गाडी रिव्हर्सला टाकली की बीप-बीप सुरू व्हायचं आणि स्क्रीनवर वहिनी दिसायची, पदराला बोट पुसणारी. आरशात कोणी नसायचं. वहिनी तर आत पोळ्या लाटत असायची.

"कॅमेरा टकाटक आहे भाऊ," सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला. "तुम्हाले दिसून काय राहिलं?"

दुर्गेशनं खाली बघतच किल्ली मागून घेतली.

रविवारी त्यानं वहिनीला आग्रहानं पुढच्या सीटवर बसवलं. माझं चुकलं, एवढं म्हणायला जीभ रेटेना, म्हणून त्यानं नुसताच रिव्हर्स टाकला. बीप-बीप सुरू झालं. स्क्रीनकडे बघायची त्याची हिंमत होईना.

शेजारी बसलेली वहिनी स्क्रीनकडे बघत शांतपणे म्हणाली, "थांबा भाऊजी, मी अजून मांगंच उभी आहो."