पुढच्या खेपेची तारीख

घरोघरी पाण्याचे फिल्टर बदलायचे, त्यावर पुढच्या खेपेच्या तारखेची चिठ्ठी डकवायची आणि खाली ‘मीच येईन’ लिहायचं, हा त्याचा तीस वर्षांचा शिरस्ता. तारीख त्याने कधी एका दिवसानेही फुगवली नाही. आज त्याच्या डायलिसिसनंतर बायकोने धीर करून डॉक्टरांना विचारलं, “हे किती वर्षं काढतील?” “सरासरी पाच-दहा,” ते म्हणाले, “कुणी वीसही काढतं.” घरी आल्यावर हाताला चाळा म्हणून त्याने स्वयंपाकघरातला फिल्टर बदलला. चिठ्ठी काढली, तशी ओट्याला टेकलेली बायको म्हणाली, “वीस वर्षांनंतरची तारीख घाला.” “वेडी का खुळी तू? फिल्टर जेमतेम वर्षभर टिकतो.” “खरं गिऱ्हाइकांना सांगा. मला नको.” तिच्या डोळ्यांकडे बघवेना, त्याने ती तारीख घातली. ती तिने दोनदा वाचली. “आणि खाली?” तिने विचारलं. त्याने ‘मीच’ लिहिलं. पुढे पेन सरकेना.