तीनदा गाळलेलं

या यादीत चावावं न लागणारं काही आहे का, असं घड्याळजींनी इतक्या हळू विचारलं की हॉटेलच्या मालकीणबाईंना वाकून ऐकावं लागलं. समोर बायको बसली होती. तिच्या कानावर जायला नको होतं.

नवरा, बायको आणि लेक, तिघं दवाखान्यातून सरळ इथं आले होते. बायकोच्या घशाच्या ऑपरेशनला पाच महिने झाले होते आणि तेव्हापासून वाटून गाळलेलंच खायचं, एकही गुठळी चालणार नाही, असा डॉक्टरांचा हुकूम होता. आज काट्यावर आणखी सव्वा किलो कमी भरलं. आठवड्याभरात वजन वाढलं नाही तर नाकातून नळी घालावी लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. एके काळी वर्गातली चाळीस पोरं जिच्या नुसत्या नजरेनं गप्प बसत, ती बाई आता जेवायला बसली की दोन चमच्यांनंतर वाटी सरकवायची. कशालाच चव लागत नाही, एवढंच म्हणायची. डॉक्टरांनी औषधं बदलून पाहिली. चव कधी परत येते, कधी नाही येत, मनाची तयारी ठेवा, असंही सांगून झालं होतं.

घड्याळजींनी मात्र कसूर ठेवली नव्हती. अर्धं आयुष्य डोळ्याला भिंग लावून दुसऱ्यांच्या घड्याळांत काढलेला माणूस. स्वयंपाकघरातही तो तसाच उतरला. भात, बटाटा, गाजर, डाळ उकडायची, वजन करायचं, मिक्सरमधून काढायचं आणि बारीक चाळणीतून तीनदा गाळायचं. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं होतं तेवढंच, आणि तसंच. रोज तीन वेळा. लेक मदतीला आली तरी चाळणी ते हातातून सोडत नसत.

या हॉटेलात ते शिरले ते लेकीला भूक लागली म्हणून. लाँड्री आणि किल्लीवाला यांच्या मधला गाळा. पूर्वी तिथं टायरचं दुकान होतं. बोर्डावर अख्खा भूमध्य समुद्र रंगवलेला आणि आत जेमतेम सहा टेबलं. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा, असं घड्याळजी दारातच पुटपुटले होते.

"काका, आमच्याकडे जेवणाची सुरुवातच वाटलेल्यानं होते," मालकीणबाई म्हणाल्या. "सगळ्यांचीच. तुम्ही निवांत बसा."

तिघांपुढे सारख्याच बशा आल्या. काबुली चणे तिळाबरोबर लोण्यासारखे वाटलेले, मधे खळगा करून त्यात हिरवट ऑलिव्ह तेल. विस्तवावर भाजलेल्या वांग्याचा, धुराचा वास धरून असलेला गर. लसूण घातलेलं घट्ट दही. घड्याळजींनी चमच्याच्या पाठीनं प्रत्येक बशी दाबून पाहिली. गुठळी शोधून सापडेना. मग त्यांनी जरासं जिभेवर ठेवलं. लिंबू आधी आलं, मीठ नंतर, आणि वांग्याचा धूर कितीतरी वेळ रेंगाळत राहिला. टायरच्या गाळ्यात बसून हे कोण करतंय, म्हणून त्यांनी मान वळवून पाहिलं. आत मालकीणबाई एकट्याच होत्या, कोपरापर्यंत हात पिठानं माखलेले.

मान परत वळवली तेव्हा बायकोनं डोळे मिटले होते.

तिनं दुसरा चमचा घेतला. तिसरा घेतला. बापलेक आपापल्या बशीत बघत राहिले. मोठ्यानं श्वास घेतला तरी ती थांबेल, अशी दोघांना धास्ती. पलीकडच्या टेबलावर एक पोस्टमन हेच सगळं पावाच्या तुकड्यानं पुसून खात होता, बोटंसुद्धा चाटत होता. कुणी तिच्याकडे बघत नव्हतं. हनुवटीवर तेलाचा ओघळ आला, तो तिनं हाताच्या पाठीनं पुसला आणि जेवत राहिली. तिची बशी रिकामी झाली. मग तिनं लेकीची बशी अलगद स्वतःकडे ओढली.

लेकीनं पदार्थांची यादी तोंडापुढे धरली.

मालकीणबाई हात पुसत आल्या आणि आणखी काही वाढू का म्हणाल्या, तसे घड्याळजी उठून उभेच राहिले. पाच महिने हिला कशाचीच चव लागत नव्हती, डॉक्टरांनीही आशा सोडली होती, आणि आज तुमच्यामुळे हिची जीभ परत आली, असं त्यांनी कसंबसं सांगितलं. उपकार झाले म्हणाले.

बायकोनं चमचा खाली ठेवला. ती नवऱ्याकडे बघत राहिली. मन लावून सगळी गणितं चुकवून आणणाऱ्या पोराकडे ती वर्गात बघायची, तसं. बहुधा तिलाही ते आत्ताच उमगलं होतं. तिनं त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं आणि तो हात दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला.

"अहो, जीभ कुठं गेलीच नव्हती," ती म्हणाली. "तुमच्या हाताला चव नाही."