मागं पडणारी टाळी

माझे सासरे, तात्या, हाक मारली तरी ओ द्यायचे नाहीत. "देवानं एवढे मोठे कान काय शोभेला दिलेत?" असं एकदा मी तोंडावर बोलले, तर नुसते हसले. मग मीच बोलणं सोडलं. ते गेले तेव्हाही अबोला तसाच होता.

वर्षश्राद्धाच्या आदल्या दिवशी माझ्या मुलानं, हर्षदनं, आमच्या वरसे गावातल्या घरच्या गणपतीचा जुना व्हिडिओ टीव्हीवर लावला. आरतीचा आवाज पुढं पळत होता आणि चित्र मागं रेंगाळत होतं.

"थांब आई, जुळवतो."

त्यानं आवाज थोडा थोडा मागं ओढला. पेणहून आलेल्या नणंदेची टाळी आवाजावर बसली, माझी बसली, पोरासोरांचीसुद्धा बसली.

"आजोबांची तेवढी अजून मागंच पडतेय गो."

"पडू दे. ते कधी कुणाचं ऐकायचे?"

हर्षदनं तात्यांचा चेहरा मोठा केला.



तात्या गणपतीकडे बघत नव्हते. माझ्या हातांकडे बघत होते. माझी टाळी पडली, की मग त्यांची पडत होती.