डोंग्याचं इंजिन

रामाजींनी कार्बोरेटर पुन्हा खोललं. सकाळपासून हाच उद्योग चालला होता. दोरी ओढली की काठाला लावलेल्या डोंग्यावरचं, त्या लहानशा होडीचं ते जुनं इंजिन फटफट करायचं, धूर ओकायचं आणि गप्प बसायचं. नखरे त्याचे नेहमीचेच, पण असा हट्टीपणा त्यानं कधी केला नव्हता.

"बाबा, राहू द्या. पांढुर्ण्याहून मिस्तरी आणतो," वीरेंद्र काठावर येरझारा घालत म्हणाला. धरणाच्या पलीकडे त्यांचा संत्र्याचा बगीचा होता. तोडलेला माल झाडाखाली ढीग घालून पडला होता आणि संध्याकाळी व्यापाऱ्याची गाडी येणार होती. पाण्याला वळसा घालून जाणारी वाट चिखलात गेलेली.

"मिस्तरी काय माह्यापेक्षा जास्त शाना आहे बे? थांब जरासा."

बाभळीखाली वीरेंद्रची आई केसरबाई बसल्या होत्या. भाकर घेऊन त्या स्वतः आल्या याचं दोघांनाही नवल वाटलं होतं. गेल्या पावसाळ्यात याच पाण्यात डोंगा उलटला आणि थोरला गजेंद्र गेला, तेव्हापासून त्यांनी या काठाचं तोंड पाहिलं नव्हतं. आज मात्र आल्या आणि बसल्याच.

रामाजींनी पेट्रोल जायच्या बारीक भोकाचं जेट काढून फुंकलं. हवा जाईना. बारीक तार घातली, हलकेच ओढली, तर तारेला काहीतरी पांढरं लागून आलं. कापसाची वात! राख लावलेल्या बोटांनी घट्ट वळलेली, टोक निमुळतं. कचरा असा वळून येत नाही. आणि घरात अशी वात वळणारं माणूस एकच.

"काय निघालं, बाबा?"

रामाजींनी मूठ मिटली. केसरबाई त्यांच्याकडेच पाहत होत्या. नजर चुकवतील असं त्यांना वाटलं होतं, पण कसलं काय! सरळ पाहत होत्या.

"टाकीतला गाळ असन. तू जाय, वरून क्रेट आन."

वीरेंद्र वर गेला. रामाजी गुडघ्यावर हात टेकत उठले आणि बाभळीपाशी आले.

"तुले खोलता कसं आलं वं?"

"इतके वर्स पाहूनच तं राहिली तुमाले. वायसर जागच्या जागी होता का नाई?"

"होता," रामाजी म्हणाले. त्यांना कौतुक वाटलं, आणि वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला. "माल तिकडे सडून राहिला, अन् तू हे धंदे करून राहिली?"

"सडू द्या."

"अवं, मंग पोराले तोंडानं सांगायचं ना, नको जाऊ म्हनून!"

"गजूले नव्हतं सांगतलं?"

रामाजींनी मूठ उघडली. हातात वात होती. ती पुन्हा जेटमध्ये घालून द्यावी आणि इंजिन भंगारात गेलं म्हणून सांगावं, असं त्यांना वाटलं. खरंच वाटलं. एकच पोरगा उरला होता. पण पोरगा बत्तीस वर्षांचा बाप्या, बगीचा त्याचा, पाणी दारातलं. त्याला किती दिवस अडवणार? आज वात घातली, उद्या काय घालणार?

"भीती मलेबी वाटते, केसर," ते हळूच म्हणाले. "तुले वाटते तेवढीच वाटते."

केसरबाईंनी भाकरीचं फडकं बाजूला सारलं.

रामाजींनी वात खिशात टाकली, जेट बसवलं, स्क्रू पिळले. वीरेंद्र रिकामे क्रेट घेऊन खाली आला, त्यानं दोरीला एक हिसका दिला आणि इंजिन धडधडत सुरू झालं. काठावरचे बगळे उडाले.

"मानलं बाबा तुमाले!" वीरेंद्र खुशीत ओरडला. त्यानं क्रेट डोंग्यात रचले आणि डोंगा पाण्यात ढकलायला वाकला.

तेवढ्यात केसरबाई उठल्या. लुगड्याचा काष्टा वर खोचला, चपला काठावर काढल्या आणि भराभरा पाण्यात शिरल्या. घोटाभर, मग गुडघाभर. वीरेंद्र पाहतच राहिला.

"माय, तू कुठी?"

"तुह्यासंगं. हात दे."

त्यानं गोंधळून हात दिला. त्या चढल्या. डोंगा एका बाजूला कलला, सावरला.

काठावर रामाजींचा जीव वरखाली झाला. इंजिनाच्या वरताण आवाज काढून ते ओरडले, "अवं, तुले पोहता तरी येते काय?"

केसरबाईंनी एक क्रेट उपडा केला आणि पोराच्या अगदी जवळ ओढून त्यावर बसल्या.

"पोहता तं गजूलेबी येत होतं," त्या म्हणाल्या.