भावकीतलं नाही

"नात्यात लग्न झालंय का तुमचं?"

"नाही जी," गोपाल म्हणाला. प्रत्येक डॉक्टरनं हेच विचारलं होतं आणि प्रत्येकाला त्यानं हेच सांगितलं होतं.

त्याच्या आईला, इंदूबाईंना, प्रश्नाचाच राग आला. "आमच्यात भावकीत सोयरीक होत नाही, डॉक्टरबाई. भावकीतली पोरगी म्हंजे बहीण. आमी काय तसे वाटलो तुमाले?"

रजनी, गोपालची बायको, शेजारी बसली होती. तिच्या मांडीवर सहा वर्षांची प्रेरणा तापानं पेंगत होती. गालांवर लाल चट्टे, डोक्यावर विरळ केस. ल्युपस आहे हे कळून चुकलं होतं. आपलंच शरीर आपल्यावर उलटतं, असलं दुखणं. औषधं चालू होती, तरी न्यूमोनिया पुन्हा पुन्हा व्हायचा. घाटंजीहून यवतमाळची एसटी धरायची, पोरीला भरती करायचं, बरं वाटलं की घरी, की पुन्हा एसटी. आता किडनीही सुजली होती.

डॉक्टर केतकी या दवाखान्यात नवीन होत्या. त्या म्हणाल्या, "इतक्या लहान वयात ल्युपस, वर हे इन्फेक्शन. मला वाटतं, हे वारशानं आलं असावं."

इंदूबाईंना तेच पाहिजे होतं. "मी कवापासून सांगून राह्यली! हिच्या माहेरचं दुखणं हाय हे. माह्या घरात कोणाले साधी शिंक येत नाही!"

रजनीनं हे चहाबरोबर ऐकलं होतं, जेवताना ऐकलं होतं, चार बायांसमोर ऐकलं होतं. उलटून ती कधी बोलली नाही. आज पोरीचा हात तिच्या हातात चटके देत होता.

"आत्या," ती म्हणाली, "माहं माहेर कोणाचं घर हाय?"

"कोणाचं म्हंजे? माह्या भावाचं!" इंदूबाई बोलून गेल्या.

डॉक्टरांचा पेन थांबला. "म्हणजे या तुमच्या सख्ख्या आत्या?"

"हो. माह्या बाबाची बहीण."

"अहो, मग नात्यात लग्न नाही असं काय सांगता?"

गोपाल खरंच गोंधळला. "मामाची पोरगी हाय जी. ते कुठं नातं झालं? तिच्यावर तं हक्कच असते."

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मग त्याच दिवशी सगळ्यांचं रक्त तपासणीला गेलं.

निकाल आला तेव्हा तिघं पुन्हा त्याच खोलीत बसले. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं. मेलेल्या पेशींचा कचरा उचलणारं एक प्रथिन प्रेरणाच्या रक्तात बनतच नव्हतं. कचरा साचायचा, आणि शरीराची फौज आपल्याच घरावर तुटून पडायची. दोष आईकडून अर्धा, बापाकडून अर्धा.

"आणि गोपालकडे तो तुमच्याकडून आला, आजी."

 इंदूबाई पदराचं टोक नुसत्या पिळत राहिल्या.

"पण नाव कळलं, म्हणून वाटही दिसली," डॉक्टर म्हणाल्या. "दुसऱ्याच्या हाडातला मगज हिला दिला, तर ते प्रथिन बनायला लागेल. मोठ्या दवाखान्यात जावं लागेल. धोका आहे, पण पोर बरी होऊ शकते. फक्त मगज पूर्ण जुळणारा पाहिजे. तसं माणूस सहसा सापडत नाही. आईबाप एकाच रक्ताचे असले, तर मात्र कधीकधी घरातच सापडतं, म्हणून तुमच्या रक्तात तेही बघून घेतलं."

इंदूबाईंनी डॉक्टरांपुढं हात जोडले. "माह्या माहेरानं पोरीले दुखणं देल्लं, बाई. आता तिले वाचवणारं माणूस मी कुठून आणू?"

डॉक्टर केतकींनी रजनीकडे बघितलं.

"ते तुम्ही आधीच आणलंय, आजी. तुमच्याच माहेराहून."